मराठी मजकूर आणि लाख-कोटींसाठी स्वतःची छोटी पायथन लायब्ररी : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरपर्यंत बहुतेकांच्या लॅपटॉपवर एकच फंक्शन चार फोल्डरांत पडलेलं असतं. फीच्या पावतीसाठी रक्कम लाखांत दाखवणारं फंक्शन लिहिलेलं असतं, तेच कॉपी करून वाचनालयाच्या मिनी प्रोजेक्टमध्ये टाकलेलं असतं आणि तिथून मित्राकडे गेलेलं असतं. एका ठिकाणी चूक सापडून दुरुस्त केली तरी बाकीच्या ठिकाणी ती तशीच राहते. अशी फंक्शनं एका जागी आणून, तपासून, कुठूनही वापरता येतील अशी ठेवली की झाली लायब्ररी. पण हे काम सलग एका विषयात कुणी शिकवत नाही. थोडं लॅबमध्ये कळतं, थोडं सीनियरकडून, बाकीचं एरर वाचून. मी ते असंच गोळा केलं, म्हणून इथे क्रमाने लिहितोय.

विषय मी मुद्दाम मराठी मजकूर आणि भारतीय आकडे हा घेतला आहे. फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम वगैरेंची लायब्ररी करून हाती काही लागत नाही, कारण ती फंक्शनं कुणालाच लागत नाहीत. देवनागरी अक्षरं मोजणं, लाख-कोटींचे स्वल्पविराम, मराठी वर्णक्रमाने नावं लावणं या गोष्टी आपल्याला खरोखर लागतात आणि नेमक्या तिथेच तयार साधनं अपुरी पडतात. पूर्ण कोड इथे देत नाही. काय करायचं आणि कुठे अडकाल ते सांगतो, ओळी तुम्ही लिहा.

आधी काय हवं

- पायथन ३.१० किंवा त्यापुढचं. विंडोजवर इन्स्टॉल करताना पाथमध्ये जोडण्याच्या चौकटीवर टिक करायला विसरू नका.
- व्हीएस कोड किंवा सवयीचा कुठलाही एडिटर.
- गिट, आणि गिटहबवर खातं.
- पायटेस्ट, म्हणजे टेस्ट चालवणारं साधन. पिप या पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने एका ओळीत येतं.
- मराठी कीबोर्ड, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक. टेस्ट लिहिताना देवनागरी सतत टाइप करावी लागेल.
- वही. तिसऱ्या पायरीला लागेल.

१. जुना कोड उघडा आणि यादी काढा

नवीन फंक्शनं सुचवत बसू नका. मागच्या सगळ्या असाइनमेंट आणि प्रोजेक्ट उघडा आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी लिहिलेलं काय आहे ते बघा. ज्याची पुनरावृत्ती झाली आहे तेच लायब्ररीत येईल. माझ्या मते पहिल्या आवृत्तीत पाच फंक्शनं भरपूर झाली. तीस फंक्शनांची लायब्ररी ऐकायला बरी वाटते, पण तिची टेस्ट लिहिताना दम निघतो आणि मग टेस्टच राहून जातात.

या लेखापुरती आपली यादी अशी धरू: रक्कम लाख-कोटींत दाखवणं, तशी लिहिलेली रक्कम परत संख्येत आणणं, तारखेवरून आर्थिक वर्ष काढणं, मराठी मजकूर एकसारखा करणं आणि अक्षरं मोजणं.

२. पायथनमध्ये आधीच काय आहे ते बघा

ही पायरी सगळे टाळतात. सरासरी आणि मध्यक काढायला स्टॅटिस्टिक्स मॉड्यूल आहे, मोजणीला काउंटर आहे, यादीचे सारखे तुकडे पाडायला ३.१२ पासून आयटरटूल्समध्ये बॅच्ड आहे. ही फंक्शनं पुन्हा लिहिण्यात वेळ घालवू नका.

आपल्या विषयातलंही काही तयार मिळतं. देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग, म्हणजे ‘१२३’, थेट इंट फंक्शनला दिली तर पायथन ती बिनतक्रार संख्या म्हणून घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन मात्र अशी स्ट्रिंग घेत नाही. पण स्वल्पविराम असलेली ‘१,२३,४५६’ दिली की पायथनही व्हॅल्यूएरर देतं. आपलं फंक्शन नेमकं तेवढ्यासाठी हवं.

उलटही तपासा: तयार आहे असं वाटणारं तुमच्या कामाचं आहे का? आकड्यात स्वल्पविराम घालायची सोय पायथनच्या फॉरमॅटमध्ये आहे, पण ती तीन-तीनचे गट पाडते: १,२३४,५६७. आपल्याला १२,३४,५६७ हवं. लोकेल (देश-भाषेप्रमाणे आकडे दाखवायची मांडणी) मॉड्यूलने ते जमू शकतं, पण त्या मशीनवर ते लोकेल बसवलेलं असेल तरच. मित्राच्या लॅपटॉपवर वेगळं उत्तर देणारं फंक्शन लायब्ररीत ठेवू नये.

३. कोडच्या आधी वहीत लिहा: काय घेणार, काय देणार, काय नाकारणार

प्रत्येक फंक्शनसाठी या तीन ओळी. माझ्या दृष्टीने सगळ्या कामातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे. प्रोजेक्टमधलं फंक्शन फक्त तुम्ही वापरता, त्याला काय द्यायचं ते तुमच्या डोक्यात असतं. लायब्ररीतलं फंक्शन वापरणाऱ्याला तुमचं डोकं उपलब्ध नसतं.

आर्थिक वर्षाचं उदाहरण घेऊ. घेणार: तारीख, म्हणजे डेट ऑब्जेक्ट, स्ट्रिंग नाही. देणार: ‘२०२४-२५’ अशी स्ट्रिंग. नाकारणार: बाकी सगळं, टाइपएरर देऊन. आता वहीतच कडेच्या तारखा लिहा. ३१ मार्च २०२५ ला २०२४-२५, १ एप्रिल २०२५ ला २०२५-२६. एप्रिल २००८ ला ‘२००८-०९’ यायला हवं. दोन अंकांची सक्ती केली नाही तर ‘२००८-९’ येतं. डिसेंबर १९९९ ला ‘१९९९-००’. या चार ओळी लिहून होईपर्यंत कोड जवळजवळ सुचलेला असतो, आणि याच ओळी पुढे टेस्ट होतात.

इथे हमखास होणाऱ्या चुका अशा. फंक्शनच्या आत प्रिंट करायचं नाही, उत्तर रिटर्न करायचं. आत इनपुट मागायचं नाही. आलेली यादी जागच्या जागी बदलायची नाही. सॉर्ट ऐवजी सॉर्टेड वापरा, म्हणजे वापरणाऱ्याची मूळ यादी शाबूत राहते. पॅरामीटरची आपोआप किंमत म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका, कारण पायथन ती एकदाच बनवतं आणि प्रत्येक कॉलला तीच पुन्हा वापरतं. आणि चुकीचं इनपुट आलं तर उणे एक किंवा नन परत करून गप्प बसू नका, सरळ एक्सेप्शन उठवा. गप्प बसलेली चूक तीन फाइली पुढे जाऊन फुटते आणि मग ती शोधण्यात संध्याकाळ जाते.

४. पहिलं फंक्शन लिहा: लाख-कोटी

रीत सोपी आहे. उजवीकडचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडा, स्वल्पविरामाने जोडा. आठ-दहा ओळींत होतं. अडचण असते ती कडांना.

उणे चिन्ह आधी बाजूला काढा. नाहीतर ते अंकासारखं मोजलं जातं आणि उणे शंभरचं ‘-,१००’ होतं. दशांश असतील तर आधी पूर्णांकन करा, मग गट पाडा. क्रम उलटा केला तर ९९,९९९.९९९ ची दोन दशांशांपर्यंतची रक्कम १,००,०००.०० व्हायच्या ऐवजी काहीतरी विचित्रच दिसते. उणे ०.००१ ला दोन दशांशांत बसवलं की ‘-०.००’ मिळतं, पावतीवर ते नको असतं, म्हणून शून्य झालं की चिन्ह काढून टाका.

पूर्णांकनाचं अजून एक. पायथन ३ मध्ये राउंड फंक्शनला २.५ दिले तर २ मिळतात आणि ३.५ दिले तर ४ मिळतात. बरोबर मध्ये असलेली संख्या ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. शाळेत शिकलेली पद्धत ही नव्हे. पैशांचं काम असेल तर फ्लोट सोडा आणि डेसिमल मॉड्यूल वापरा. त्यात पूर्णांकनाची पद्धत स्पष्ट सांगता येते. तुमचं फंक्शन कुठली पद्धत वापरतं ते डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला दिलेल्या वर्णनात, लिहा.

डॉकस्ट्रिंग मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, मी तसंच लिहितो. फंक्शनांची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवा. पायथन ३ देवनागरी नावं चालवून घेतं, पण वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी कीबोर्ड बदलावा लागतो.

५. मराठी मजकूर: इथे सावकाश जा

पायथनला ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं ४. ‘क्षत्रिय’ची येते ८. कारण लेन फंक्शन कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली सुटी चिन्हं, मोजतं: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. आपल्या डोळ्यांना त्यात तीन अक्षरं दिसतात, क्ष, त्रि, य. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट लागतात, म्हणजे फाइलमध्ये हाच शब्द २४ बाइटचा. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. एसएमएसची मर्यादा देवनागरीत ७० असते ती कोड पॉइंटांची (इंग्रजीत १६०), डेटाबेसच्या काही रकान्यांची बाइटमध्ये असते, आणि ‘नाव वीस अक्षरांत लिहा’ असं म्हणणाऱ्या माणसाला तिसरंच काही हवं असतं. म्हणून फंक्शनचं नाव नुसतं ‘लांबी’ ठेवू नका. काय मोजतो ते नावात आणा.

अक्षरं मोजायची रीत अशी. पायथनसोबतच येणाऱ्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधून प्रत्येक चिन्हाचा प्रकार विचारा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचा प्रकार ‘एम’ने सुरू होतो, ही चिन्हं नवं अक्षर सुरू करत नाहीत. व्यंजन आलं आणि त्याच्या आधी हलन्त असेल तर तेही आधीच्या अक्षरातच जातं. बाकी सगळं नवं अक्षर. ‘नमस्ते’ला ३, ‘अर्थात्’ला ३, ‘क्षत्रिय’ला ३ यायला हवेत. हे काम करणारी बाहेरची पॅकेजेसही आहेत, पण त्यांची आवृत्ती बघून घ्या. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधनं ‘क्ष’चे दोन तुकडे मोजतात.

आणखी दोन सापळे इथेच आहेत. ‘पुणे’ला इझअल्फा विचारलं तर पायथन ‘फॉल्स’ म्हणतं, कारण मात्रा त्याच्या लेखी अक्षर नाहीत. नावाच्या रकान्यात ‘फक्त अक्षरं चालतील’ अशी तपासणी या फंक्शनने केली तर निम्म्या महाराष्ट्राची नावं नाकारली जातील. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली शब्द पकडायची खूण, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’, हीसुद्धा मात्रांवर तुटते आणि ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन शब्द करते.

आता मजकूर एकसारखा करणं. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ संगणकात तीन प्रकारे साठवलेला सापडतो: नुक्त्यासह (खालच्या टिंबासह) असलेला ऱ एकाच कोड पॉइंटने आणि पुढे हलन्त; साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण पायथनच्या तुलनेत ते तीन वेगळे शब्द असतात. शोधात एक सापडतो, दोन सापडत नाहीत. युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ फंक्शन ‘एनएफसी’ पद्धतीने चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो.

मग मनात येतं की न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकू. ते करू नका. जॉइनर काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला आणि उरलेल्या जॉइनरचं काय ते त्यानंतर ठरवा. क्रम डॉकस्ट्रिंगमध्ये लिहून ठेवा, कारण पुढे कुणीतरी दोन ओळींची अदलाबदल करेल.

‘ॲप’मधल्या ॲ चंही असंच आहे. त्याला स्वतंत्र कोड पॉइंट आहे, पण बरेच जण अ वर अर्धचंद्र देऊन तो लिहितात. एनएफसी या दोघांना एक मानत नाही. ती बदली तुम्हालाच लिहावी लागेल.

मजकूर एकसारखा करणारं फंक्शन आधी आणि मोजणारं त्यानंतर चालवायचं, नाहीतर जॉइनर असलेल्या शब्दात मोजणी चुकते: जॉइनर स्वतःच नवं अक्षर धरला जातो, य च्या आधीही हलन्ताऐवजी जॉइनर सापडतो, आणि अक्षरं जास्त मोजली जातात.

वर्णक्रमाने नावं लावणं पहिल्या आवृत्तीत घेऊ नका असं माझं मत आहे, पण अडचण माहीत असू द्या. पायथन कोड पॉइंटच्या क्रमाने लावतं. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून काळे, कावळे, काशीद अशी यादी येते. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणजे कावळे, काशीद, काळे. क्षीरसागर कोड पॉइंटप्रमाणे क च्या गटात जाऊन बसतो, आपण त्याला यादीच्या शेवटी शोधतो. दुसऱ्या आवृत्तीसाठी हे उत्तम काम आहे.

६. टेस्ट: वहीतल्या ओळी आता कोडमध्ये

प्रत्येक फंक्शनसाठी वेगळी टेस्ट फाइल. तिसऱ्या पायरीत लिहिलेल्या कडा जशाच्या तशा उतरवा. लाख-कोटीसाठी ही यादी पुरते: ०, ९९९, १०००, ९९,९९९, १,००,०००, १,००,००,०००, त्यांच्यातले दोन-तीन उणे, आणि एक दशांश. स्ट्रिंग दिली तर एरर येतो का, याचीही टेस्ट लिहा.

रक्कम दाखवणारं आणि ती परत वाचणारं अशी जोडी असेल तर एक फार कामाची टेस्ट मिळते: कुठलीही पूर्ण संख्या दाखवा, परत वाचा, मूळ संख्या आली पाहिजे. एका लूपमध्ये लाखभर संख्या तपासता येतात.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जोडाक्षरं आणि मात्रा तुटलेल्या दिसतात. स्ट्रिंग बरोबर असते, दाखवणारा पडदा कमी पडतो. तिथे बघून कोड ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, टेस्ट काय म्हणते ते धरा. टेस्टचा मजकूर वेगळ्या फाइलीतून वाचत असाल तर ती उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहूनच द्या.

७. फोल्डर आणि नावं

मुख्य फोल्डरच्या आत ‘एसआरसी’, त्याच्या आत पॅकेजचा फोल्डर, त्यात इनिट फाइल आणि विषयवार मॉड्यूल: आकडे, तारखा, मजकूर. बाजूला ‘टेस्ट्स’. मुख्य फोल्डरमध्येच रीडमी, परवाना, गिटइग्नोर (गिटने काय वगळायचं त्याची यादी) आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (पॅकेजची माहिती). एसआरसीचा फायदा असा की टेस्ट इन्स्टॉल झालेल्या पॅकेजवर चालतात. शेजारची फाइल चुकून इम्पोर्ट होऊन सगळं ठीक असल्याचा भास होत नाही.

‘यूटिल्स’ नावाची एकच फाइल करू नका. तिचा घरातला माळा होतो, नको ते सगळं तिथे जातं.

पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचं नाव फाइलीला देऊ नका. कॅलेंडर, स्ट्रिंग, रँडम, मॅथ ही नेहमीची. तुमच्या फोल्डरात रँडम डॉट पाय असेल तर पायथन तीच उचलतं आणि एरर अशा ठिकाणी येतो की कारण लवकर लक्षात येत नाही.

८. स्वतःच्याच मशीनवर इन्स्टॉल करा

व्हेन्व्हने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) बनवा, ते चालू करा, मग पिप इन्स्टॉलला ‘ई’ हा पर्याय आणि एक टिंब द्या. याला एडिटेबल इन्स्टॉल म्हणतात. कोड बदलला की पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. पायप्रोजेक्ट फाइलीत सुरुवातीला नाव, आवृत्ती, लागणारं पायथन आणि बिल्ड सिस्टिम एवढंच पुरे. व्हेन्व्हचा फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाका. शेकडो एमबीचा तो फोल्डर गिटहबवर चढवलेले प्रोजेक्ट सर्रास दिसतात.

आता जुन्या प्रोजेक्टपैकी एक घ्या, त्यातली कॉपी केलेली फंक्शनं पुसा आणि लायब्ररीतून इम्पोर्ट करा. प्रोजेक्ट चालला तर लायब्ररी तयार आहे. नाही चालला तर पॅरामीटरचा क्रम किंवा नावं वापरायला अवघड झाली आहेत, ती आत्ताच बदला.

९. रीडमी आणि परवाना

रीडमीत आधी तीन-चार उदाहरणं, बाकी सगळं नंतर. परवान्याची फाइल जरूर हवी. गिटहबवर कोड उघडा दिसतो म्हणजे तो वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. परवाना नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. विद्यार्थ्यांच्या लायब्ररीला एमआयटी परवाना सोयीचा आहे. मित्राचं फंक्शन घेतलं असेल तर त्याला विचारा आणि त्याचं नाव लिहा.

१०. पायपीआयवर टाकायचं का?

पायपीआय म्हणजे पिप जिथून पॅकेज आणतं ते सार्वजनिक भांडार. घाई नको. गिटहबवरूनही पिपने इन्स्टॉल करता येतं आणि वर्गातल्या लोकांना तेवढं पुरतं. टाकायचंच असेल तर आधी टेस्टपायपीआयवर सराव करा. त्याचं खातं वेगळं काढावं लागतं. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर दुहेरी ओळख सक्तीची आहे. अपलोडसाठी टोकन मिळतं, ते कोडमध्ये किंवा गिटमध्ये जाता कामा नये. एकदा चढवलेली आवृत्ती बदलून त्याच क्रमांकाने पुन्हा चढवता येत नाही, त्यामुळे टेस्ट चालवल्याशिवाय अपलोडची आज्ञा देऊ नका.

एकदा लोक वापरायला लागले की छोट्या कोडचीही जबाबदारी येते. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरणं एवढंच ते करत होतं, पण त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट त्या दिवशी बिल्ड होईनात आणि एनपीएमला ते परत आणावं लागलं.

आवृत्ती ०.१.० पासून सुरू करा. चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवा, नवीन फंक्शन आलं तर मधला. जुन्या फंक्शनचं उत्तर बदलणार असेल, उदाहरणार्थ पूर्णांकनाची पद्धत, तर ते रीडमीत सर्वात वर लिहा आणि ज्या मित्रांनी लायब्ररी घेतली आहे त्यांना अपलोड करायच्या आधी कळवा.